पासवर्ड दिला की घेतला

रविवारी दुपारी जेवणं आटोपून मी भांडी घासायला घेतली होती आणि दादा आला. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आम्ही दोघंच भावंडं, आई-वडील आता नाहीत. तो वसईच्या खाडीकडच्या गावात वडिलांच्या वाडीत राहतो, मी विरारला चौथ्या मजल्यावर. एरवी दहा वेळा बोलावल्याशिवाय न येणारा माणूस त्या दिवशी केळीच्या पानात सोनचाफा बांधून आणि हातात साडीची पिशवी घेऊन दारात उभा! मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

"बाय, तुझं मन मोठं," म्हणत त्यानं पिशवी माझ्या ओल्या हातात कोंबली. "मला वाटलं व्हतं तू आढेवेढे घेशील. पन तू एका ओळीत मोकळं केलंस बघ."

"काय मोकळं केलं?"

"वाडीचं गं. वकिलानं शुक्रवार धरलाय. रजिस्ट्रार हापिसात अकरा वाजता ये, सही कर, जेव आनी जा."

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. दादाच्या वकिलानं मला हक्कसोडपत्राचा मसुदा मेलनं पाठवला होता, त्याची ती छापील प्रत. वडिलांच्या आठ गुंठ्यांतला माझा अर्धा हिस्सा मी राजीखुशीनं दादाच्या नावे सोडते, असा तो मसुदा. आणि त्याच्यावर माझं उत्तर. इंग्रजीत. नोटेड, प्लीज प्रोसीड. खाली माझं पूर्ण नाव.

आता सांगते, मी जन्मात कुणाला 'नोटेड' म्हटलेलं नाही. पाळणाघर चालवणारी बाई मी. माझ्याकडे सकाळी सातपासून सहा पोरं येतात, त्यांच्या आयांना मी 'बरं', 'हो' आणि 'डबा विसरलात' एवढंच लिहिते, तेही मराठीतून. मी दादाला म्हटलं, "हे मी नाही लिहिलं." तो हसला. म्हणाला, "भावोजींनी शिकवलं असंल." मी परत म्हटलं, मी नाही लिहिलं. तेव्हा त्याचं हसू गेलं. "नाव कोनाचं हाय खाली? आता फिरायचं नाय बाय. पुढं दावा लागला तर माझा वकील हा कागद कोर्टात ठेवील."

चिडले की माझ्याही तोंडात 'ण' राहत नाही. "मंग ठेव जा! मी कुनाला काय लिवून दिलं नाय!" असं मी ओरडले आणि साडीची पिशवी त्याच्या हातात परत दिली. तो चहा न घेता गेला. सोनचाफा आणि तो कागद तेवढे ओट्यावर राहिले.

आमच्याकडे बहिणी हिस्सा सोडतात. माझ्या दोन्ही आत्यांनी सोडला, मावशीनं सोडला. रजिस्ट्रारच्या ऑफिसात जायचं, अंगठे द्यायचे, फोटो काढायचा, भावानं घेतलेली साडी नेसून फोटोला उभं राहायचं. कुणी कुणाला जबरदस्ती करत नाही आणि कुणी कुणाला विचारतही नाही. मी दादाला एवढंच म्हटलं होतं की विचार करून सांगते. विचार काय होता तो मलाही धड सांगता आला नसता. त्या वाडीत चाफ्याची झाडं आहेत. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत अंधारात उठून मी त्या झाडांवरची फुलं काढली आहेत, टोपल्या भरून दादरच्या बाजारात जायची ती. दादा तेव्हा पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेला असायचा. हे काही कोर्टात सांगायचं कारण नव्हे. पण मला ते चार गुंठे हवे होते. हवे होते म्हणजे हवे होते, झालं.

आमचे हे आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होते. आरडाओरड ऐकून बाहेर आले, तोवर दादा जिना उतरला होता. मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि चष्मा पुसायला लागले.

"अहो, हे कोणी पाठवलं?"

"अगं, बहुतेक मीच," हे म्हणाले. "सवयीनं गेलं असणार."

ह्यांची सवय काय ते सांगायला हवं. हे मूळचे साताऱ्याकडचे. बावीस वर्षं कामणला एका गोदामात माल रवाना करायचं काम बघतात. तिथे मेलाला तासाभरात उत्तर गेलं नाही की ट्रक अडतो आणि ट्रक अडला की वरून शिव्या. म्हणून मेल आला रे आला की हे 'नोटेड, प्लीज प्रोसीड' टाकून मोकळे होतात. आणि माझा मेलही त्यांच्याच फोनवर येतो, त्यांच्या मेलांच्या एकाच रांगेत. माझं खातं त्यांनीच उघडलेलं. पाळणाघराच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये ई-मेलचा रकाना आला, मी विचारलं हे काय असतं, आणि ह्यांनी दोन मिनिटांत काढून दिलं. पत्ता काय? माझं नाव, मधे ह्यांचं नाव, मग आडनाव, सगळं सलग. लग्न झालेल्या बाईच्या नावात नवऱ्याचं नाव मधे बसतंच आपल्याकडे, तसंच ते तिथेही बसलं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी ते शेजारणीला कौतुकानं दाखवलं होतं.

"सवयीनं?" मी म्हटलं. "माझ्या बापाची वाडी गेली सवयीनं?"

"जात नाही गं अशी. मी बोलतो तुझ्या दादाशी."

"तुम्ही काही बोलू नका! बोललात तेवढं पुरे झालं. आणि माझा मेल उघडलातच कशाला?"

ह्यावर हे खरोखर गोंधळले. म्हणाले, "तुझा म्हणजे? तो मीच तर बघतो. लाइटचं बिल कोण बघतं? गॅसचं? अर्ध्या पत्त्यात तर मीच आहे." शेवटचं त्यांनी गमतीत म्हटलं असणार, पण मला हसू आलं नाही. खरंच होतं ते. लाइटचं बिल कधी आलं हे मला गेली कित्येक वर्षं माहीत नाही. मग जो माणूस माझा मेल रोज उघडतो त्याला आज मी 'का उघडला' असं कुठल्या तोंडानं विचारायचं? मी भांडण अर्धं टाकून परत भांडी घासायला गेले.

पण डोक्यातून जाईना. सवयीनं की मुद्दाम? हे हल्ली उठता-बसता गावाचं बोलायला लागले होते. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं, साताऱ्याकडच्या घरावर नवी कौलं घालायची, दोघांनी तिकडे जायचं. मी ऐकून घ्यायची. हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. म्हणून मनात किडा वळवळत होता, पण ज्या माणसाबरोबर तीस वर्षं ताट मांडलं त्याच्याबद्दल असा विचार करायचीही लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले आणि मी त्यांचा मेल उघडला. हो, मी! माझी परवानगी न घेता माझा मेल वापरला म्हणून आदल्या दिवशी आकाशपाताळ एक करणारी मी! त्यांच्या ऑफिसच्या मेलाला पासवर्ड होता. पहिला प्रयत्न गावाच्या नावाचा केला, चुकला. मग उगाच माझी जन्मतारीख टाकून बघितली, आणि उघडलं की हो. तीस वर्षांत हा माणूस माझा वाढदिवस पाचदा तरी विसरला असेल.

पाठवलेल्या मेलांत शिरले. नोटेड, प्लीज प्रोसीड. नोटेड, प्लीज प्रोसीड. बोट सरकवत गेले तरी संपेना. आमच्या सोसायटीनं पाणी येणार नाही म्हणून कळवलेलं, त्यालाही नोटेड, प्लीज प्रोसीड. ऑफिसातल्या कुणाचे वडील गेल्याचं पत्रक आलेलं, त्याला उत्तर: नोटेड विथ रिग्रेट, प्लीज प्रोसीड. अगं बाई! मला इतकं हसू फुटलं की पाळण्यातलं पोर जागं झालं. मेलेल्या माणसालाही पुढे जायला सांगणारा नवरा माझा, तो माझ्या मसुद्याचं काय वाचणार डोंबल! मला एकदम हलकं वाटलं. सवयीचंच होतं ते. मी फोन जागेवर ठेवला आणि ह्यांना कित्येक दिवसांनी मनापासून आलं घालून चहा केला.

दादाचा शुक्रवार मात्र जवळ येत होता. बुधवारी पोरांना शेजारणीकडे सोपवून मी वसईला गेले. कोर्टाजवळ एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक वकीलबाई बसतात. माझ्या धाकट्या भाचीएवढी पोर, आणि मला पहिल्या वाक्यापासून 'काकू'. मी सगळं सांगितलं. तिनं कागद वाचला.

"काकू, पहिलं म्हणजे घाबरू नका. असल्या मेलानं जमीन जात नाही. हक्कसोड तुम्ही स्वतः निबंधकापुढे सही केल्याशिवाय होत नाही, आणि वडिलांच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. शुक्रवारी जाऊच नका."

"मग झालं तर!"

"झालं नाही. उद्या दावा लागला तर ते म्हणतील, बाई कबूल होत्या, नंतर फिरल्या. त्या मेलावर भाऊ विसंबला. त्यामुळे शुक्रवारच्या आत त्यांच्या वकिलाला लेखी कळवायचं की हा मेल माझा नाही."

"मग कोणाचा म्हणू?"

"ज्याचा आहे त्याचा. मिस्टरांचा."

तिनं मला कायदा समजावला. दुसऱ्याच्या खात्यात त्याच्या परवानगीशिवाय शिरणं, लबाडीनं त्याचा पासवर्ड वापरून त्याच्या नावानं काही करणं, हा गुन्हा आहे. नवरा असला म्हणून सूट नाही, बायको असली म्हणूनही नाही. लग्न लागलं म्हणजे एकमेकांची पत्रं वाचायचा परवाना मिळाला असं कुठे लिहिलेलं नाही. मी माना डोलावत होते. मग तिनं पेन उचललं आणि विचारलं, "पासवर्ड तुम्ही दिला होता की त्यांनी घेतला होता?"

आता काय सांगू? मी म्हटलं, दिला नाही. तिनं लिहिलं. मी म्हटलं, पण घेतलाही नाही. तिनं खोडलं. मी म्हटलं, पासवर्ड त्यांचा त्यांनीच ठेवला, आमच्या मोटारसायकलचा नंबर आहे तो, आणि नंतर मला सांगितला. म्हणजे खरं तर त्यांनी मला दिला. पण खातं माझं आहे. म्हणजे नाव माझं आहे. नावात ते पण आहेत, पण मेल माझा. ती पोर माझ्याकडे बघतच राहिली.

"तुम्ही कधी म्हणालात का, माझा मेल बघू नका?"

"नाही."

"बघा म्हणालात?"

"नाही हो. असं कोण कोणाला म्हणतं?"

"मग आता मी लिहू काय, काकू?"

हे तिनं वैतागून नाही, खरंच विचारलं. घरात आमचा फ्रीज कोणाचा, टीव्ही कोणाचा, हे कधी ठरलेलं नाही. माझा मेल माझा, असं मी कधी म्हटलंच नव्हतं. आणि न म्हटलेल्याचा अर्थ हो होतो की नाही, हे मी त्या लाकडी खुर्चीत बसून ठरवायचं! गोंधळात भर म्हणून मी तिला हेही सांगून टाकलं की त्यांच्या ऑफिसच्या मेलात मी परवा शिरले आणि सवय खरी असल्याची खात्री करून घेतली.

"पासवर्ड त्यांनी दिला होता?"

"नाही, मी ओळखला."

तिनं पेन खाली ठेवलं. "काकू, हे मी ऐकलेलं नाही. आणि ऑफिसचा मेल तर अजिबातच ऐकलेला नाही."

शेवटी तिनंच वाट काढली. मेल न वाचताच, सवयीनं गेलाय ना? मग मिस्टरांनी लबाडी केली असं म्हणायचं कारण नाही. तिनं कागदावर मराठीत चार ओळी लिहून दिल्या. अमुक तारखेचे उत्तर मी पाठवलेले नाही. ते माझ्या पतीकडून, मजकूर न वाचता, अनवधानाने पाठवले गेले. त्यास माझी संमती नव्हती व नाही. माझा हिस्सा मी सोडत नाही. 'अनवधानाने'वर तिनं बोट ठेवलं. "हा शब्द तुमचा हिस्सा वाचवतो आणि मिस्टरांनाही वाचवतो. पण खरं तेच लिहायचं हं. नक्की न वाचताच गेलाय?"

"नक्की," मी म्हटलं. नोटेड विथ रिग्रेट मी ह्या डोळ्यांनी वाचलं होतं.

तिनं बजावलं होतं की आधी पासवर्ड बदला, मग हा मेल स्वतःच्या हातानं टाईप करा, मिस्टरांना त्यात घेऊ नका. बरं. गुरुवारी सकाळी पोरं यायच्या आत मी जेवणाच्या टेबलावर फोन घेऊन बसले. पासवर्ड बदलायला गेले तर तो मेला मेल म्हणतो, ओटीपी पाठवलाय. कुठे? ह्यांच्या मोबाईलवर! माझ्या खात्याला नंबर ह्यांचा. आता नवऱ्याला वगळण्यासाठी नवऱ्यालाच हाक मारायची. मारली. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. हे फोन घेऊन आले, सहा आकडे वाचून दाखवले, आणि विचारलंही नाही कशाला. मी नवा पासवर्ड टाकला, फोन छातीशी धरून. हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांपासून काहीतरी असं समोरासमोर लपवत होतो, आणि मला ते फार वाईट वाटलं. म्हणून मी तो वकीलबाईचा कागद टेबलावर उघडाच ठेवला. म्हटलं, वाचा हवं तर.

त्यांनी वाचला. मी एका बोटानं टाईप करत होते. जोडाक्षर आलं की माझं बोट हरवतं. 'अमुक तारखेचे' झालं, 'पाठवलेले नाही' झालं, 'पतीकडून' झालं. 'अनव' पर्यंत आले आणि हे म्हणाले, "तो शब्द काढ."

"का? चांगला आहे तो. तुमच्यासाठीच घातलाय तिनं."

"काढ. मी वाचला होता."

मला वाटलं आत्ता, हा कागद. मी म्हटलं, "बघितलं मी, वाचलात ते."

"हा नाही. मसुदा. दोनदा वाचला होता." हे खुर्चीवर बसले. "मला ठाऊक होतं तो तुला आलाय ते. मला वाटलं, इथे तुझे चार गुंठे राहिले तर तू गावाला यायची नाहीस. उत्तर गेलं की दादा पुढचं उरकून घेईल, तू दोन दिवस चिडशील आणि होईल सगळं. मग तू इतकी चिडलीस की मला सवयीचं कारण सुचलं, आणि तू ते खरं मानलंस." मग म्हणाले, "त्यात माझ्यामुळे खोटं नको लिहूस. मी वाचून पाठवला असंच लिही. होईल ते होईल."

राग तर इतका आला होता की फोन भिंतीवर आपटावा. आणि त्याच वेळी हा माणूस आपणहून वकिलाच्या तोंडी स्वतःला द्यायला निघालाय हे बघून त्याला थांबवावंसंही वाटत होतं. ह्या बाबाला गावाला एकटं जायची भीती वाटते हे तीस वर्षांत मला कळलं नव्हतं. पण मग सांगायचं ना तोंडानं! मला विचारायचं! मी नाही म्हटलं असतं कदाचित. कदाचित काय, नाहीच म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाही त्यांनी.

शब्द काढला तर नवरा लबाड ठरतो, आणि तो तसा होताही. ठेवला तर मी खोटी. हिस्सा दोन्हीकडून माझ्याकडेच राहत होता, म्हणजे हिश्श्यासाठी खोटं लिहिलं असं म्हणायचीही सोय नव्हती. दाराची बेल वाजली, पहिलं पोर आलं होतं. हे उठून दार उघडायला गेले, त्या पोराच्या आईशी हसून बोलले, डबा घेतला.

मी 'अनवधानाने' पूर्ण टाईप केला. पुढचं वाक्य केलं, त्याच्या पुढचं केलं, आणि पाठवून दिलं. मायेनं ठेवला तो शब्द, की आता तुम्ही जन्मभर माझे देणेकरी राहा म्हणून ठेवला, हे मला अजून कळत नाही. ह्यांनी विचारलं, "काढलास ना?" मी म्हटलं, "तुम्हाला कशाला हवं? माझा मेल आहे."

आणि खरंच होता तो माझा. त्या पत्त्यावरून मी स्वतः लिहून पाठवलेला पहिलाच, आणि त्यात मी जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं.